विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचे आलेख : कोडमध्ये स्वतःचा रंगसंच कसा बांधावा?

कळमना_रोड (धागाकर्ती)

नमस्कार. मी नागपुरात शेती आणि हवामानाच्या आकडेवारीवर काम करते. सध्या विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचा एक अहवाल पायथॉन ही भाषा आणि तिची आलेख काढणारी मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी वापरून तयार करीत आहे. त्यात तीन प्रकारचे आलेख आहेत. पहिल्यात प्रत्येक जिल्ह्याच्या खरीप पेरणीक्षेत्राची वर्षवार रेषा आहे, दुसरा जिल्हानिहाय पाऊस सरासरीपेक्षा किती टक्के कमी-जास्त झाला हे दाखवणारा नकाशा आहे आणि तिसरा नागपूरच्या रोजच्या कमाल तापमानाचा, दिनदर्शिकेसारख्या चौकटींचा आहे.

अडचण पहिल्याच आलेखापासून सुरू होते. मॅटप्लॉटलिबच्या मूळ रंगचक्रात दहाच रंग आहेत, त्यामुळे अकराव्या रेषेला पुन्हा पहिला रंग मिळतो. माझ्या यादीत जिल्हे मराठी वर्णानुक्रमाने असल्याने पहिला अकोला आणि अकरावा वाशीम येतो, आणि दोघांनाही तोच निळा रंग लागतो. वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातूनच वेगळा झाला. दोन्हींची पीकपद्धती जवळची असल्यामुळे या दोन रेषा बरीच वर्षे एकमेकींच्या आसपासच फिरतात आणि नेमक्या त्याच वेगळ्या ओळखता येत नाहीत.

एचएसव्ही (रंगछटा, शुद्धता आणि मूल्य या तीन आकड्यांनी रंग सांगणाऱ्या) पद्धतीच्या रंगचक्राचे अकरा समान भाग करून पाहिले, तर तीन हिरवे जवळजवळ सारखे दिसू लागले आणि पिवळी रेषा पांढऱ्या कागदावर हरवली. हा अहवाल काही जण संगणकाच्या पडद्यावर वाचतील, बैठकीत तो प्रोजेक्टरवर दाखवला जाईल आणि शेवटी त्याच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स प्रती तालुक्यापर्यंत जातील. तिन्ही ठिकाणी टिकेल असा रंगसंच कसा बांधावा, याबद्दल जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निळी_रेघ

ताई, प्रश्न अतिशय नेमका मांडला आहे. झेरॉक्सचा उल्लेख केलात हे विशेष बरे झाले, कारण रंगसंचाची खरी परीक्षा तिथेच होते.

एचएसव्ही पद्धत संगणकाच्या सोयीसाठी आहे. डोळ्याला काय दिसते याच्याशी तिचा संबंध फार थोडा आहे. तीत शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोघांचेही ‘मूल्य’ शंभर टक्केच असते. परंतु डोळ्याला दिसणारा फरक मोजणाऱ्या १९७६ सालच्या सीआयई लॅब मोजपट्टीवर, जिथे काळ्याचा उजळपणा ० आणि पांढऱ्याचा १०० धरतात, पिवळ्याचा उजळपणा सुमारे ९७, हिरव्याचा ८८, लालचा ५३ आणि निळ्याचा अवघा ३२ येतो. म्हणजे चक्रावर समान अंतर चालूनही डोळ्याला काही ठिकाणी मोठी उडी जाणवते आणि काही ठिकाणी काहीच बदल जाणवत नाही. आपले तीन हिरवे आणि हरवलेला पिवळा यांचे कारण हेच आहे.

म्हणून माझे मत असे आहे की, रंग निवडण्याआधी उजळपणा निवडावा आणि त्याही आधी आकडेवारीचा स्वभाव ओळखावा. आपले तीन आलेख तीन वेगवेगळ्या स्वभावांचे आहेत. जिल्हे ही केवळ नावे आहेत, त्यांत लहान-मोठेपणाचा क्रम नाही. तापमानाला क्रम आहे. पावसाच्या टक्केवारीला क्रम तर आहेच, शिवाय शून्य हा अर्थपूर्ण मध्यही आहे. नकाशांसाठी ‘कलरब्रूअर’ हे रंगसंच तयार करणाऱ्या भूगोलतज्ज्ञ सिंथिया ब्रूअर यांनी हीच तीन घरे केली होती, आणि आज पायथॉन, आर, डी३ यांपैकी कुठल्याही साधनात गेलात तरी तीच विभागणी भेटते. या तिन्हींसाठी एकच रंगसंच शोधू नये. तीन स्वतंत्र संच बांधावेत.

उजळपणा मोजण्यासाठी मोठ्या लायब्ररीची गरज नाही. लाल, हिरवा, निळा हे तीन घटक आधी ० ते १ या प्रमाणात आणून, गॅमा (पडद्यासाठी आकड्यांना दिलेली वक्रता) काढून रेषीय करावेत, मग लालचे ०.२१२६, हिरव्याचे ०.७१५२ आणि निळ्याचे ०.०७२२ या प्रमाणात बेरीज करावी. ही सापेक्ष दीप्ती होय. तिचे घनमूळ काढून ११६ ने गुणावे आणि त्यातून १६ वजा करावेत, म्हणजे उजळपणाचा आकडा हाती येतो. अगदी गडद रंगांसाठी सूत्र थोडे निराळे आहे, पण आलेखातल्या रंगांना हे पुरते. दहा ओळींचे हे फंक्शन एकदा लिहून ठेवले की रंगाबद्दलची अर्धी चर्चा आकड्यांत करता येते.

कळमना_रोड

धन्यवाद सर. दोन रंग कोडमध्ये मिसळून मधल्या छटा काढाव्यात, असाही एक विचार मनात होता. लिनिअरसेगमेंटेडकलरमॅपला दोन टोकांचे रंग दिले की मधले ते स्वतःच भरते. हा मार्ग कितपत विश्वासार्ह आहे?

निळी_रेघ

टोके कोणती आहेत यावर ते अवलंबून आहे. ते मिश्रण लाल-हिरवा-निळा या घटकांची साधी सरासरी काढून होते. शुद्ध निळा (०, ०, २५५) आणि शुद्ध पिवळा (२५५, २५५, ०) यांचा मध्य काढून पाहा. तिन्ही घटक १२७.५ वर येतात, म्हणजे मधोमध निव्वळ राखाडी मिळतो. एकाच कुळातील फिकट ते गडद छटा हव्या असतील तर हे मिश्रण चालते. दूरच्या रंगांसाठी मिश्रण ओकेलॅब या डोळ्याच्या जाणिवेवर बेतलेल्या रंगपद्धतीत करावे. ब्यॉर्न ओटोसन यांनी २०२० साली मांडलेली ही पद्धत आता वेबपानांच्या सीएसएस या शैली-भाषेतही आली आहे आणि तिचे सूत्र लहान असल्याने कुठल्याही भाषेत लिहिता येते. तिथेही परस्परविरोधी रंगांची सरळ रेषा राखाडीजवळून जातेच. तो राखाडी टाळायचा असेल तर उजळपणा, तीव्रता आणि रंगछटेचा कोन असे तीन घटक वेगळे करून कोनाच्या मार्गाने जावे लागते, अथवा मध्ये आणखी एक-दोन रंग आपणच द्यावे लागतात.

गांधीसागर_काठ

पहिल्या आलेखाबद्दल माझे मत थोडे स्पष्टपणे मांडतो. अकरा रेषांना अकरा रंग देण्याचा आग्रहच सोडावा. उत्तम रंगसंच घेतला तरी आठ-नऊ रंगांनंतर वाचक रेषा आणि सूची यांच्यात नजर फिरवत बसतो आणि त्या खटाटोपात आकडेवारीचा आशय बाजूला राहतो.

दोन पर्याय सुचवतो. पहिला असा की, ज्या जिल्ह्याबद्दल त्या पानावर बोलायचे आहे तेवढाच रंगवावा आणि उरलेले सर्व राखाडी ठेवावेत. अकोला आणि वाशीम यांची तुलना असेल तर अकोल्याला निळा (०, ११४, १७८) द्यावा, वाशीमला शेंदरी (२१३, ९४, ०) देऊन त्याची रेषा तुटक करावी, आणि बाकीच्या नऊ रेषा बारीक राखाडी (१४०, १४०, १४०) ठेवाव्यात. जिल्ह्याचे नाव सूचीत लिहिण्याऐवजी रेषेच्या उजव्या टोकाशी लिहावे. तुटक रेषा मुद्दाम सुचवली आहे, कारण या निळ्याचा उजळपणा ४६ आणि शेंदरीचा ५४ आहे. पडद्यावर हे दोन रंग कमालीचे वेगळे दिसतात, परंतु झेरॉक्समध्ये ते शेजारी-शेजारी येऊन बसतात.

दुसरा पर्याय म्हणजे जिल्ह्यांची कुळे पाडणे. अमरावती विभागात पाच जिल्हे आहेत आणि नागपूर विभागात सहा. एका विभागाला निळ्याच्या छटा आणि दुसऱ्याला नारंगीच्या छटा दिल्या, तर वाचकाला निदान पश्चिम आणि पूर्व विदर्भ एका नजरेत कळतो. पेरणीक्षेत्राचा विषय असल्यामुळे मी मात्र प्रशासकीय विभागांऐवजी पिकांनुसार कुळे पाडीन. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग हा धानाचा पट्टा आहे. पश्चिमेकडे कापूस, सोयाबीन आणि तूर आहे. रंगांनी हा फरक सांगितला तर ते काहीतरी सांगत आहेत असे म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट कोडमध्ये पहिल्या दिवसापासून पाळावी. रंग क्रमाने देऊ नयेत, नावाने द्यावेत. ‘अकोला’ या नावापुढे निळा, ‘वाशीम’ या नावापुढे शेंदरी असा एक शब्दकोश, म्हणजे पायथॉनची डिक्शनरी, करून ठेवावी. तसे केले नाही तर एखाद्या पानावर दोन जिल्हे गाळले की उरलेल्या सगळ्यांचे रंग सरकतात, आणि तिसऱ्या पानावरचा भंडारा सातव्या पानावर गोंदियाच्या रंगात उभा राहतो. आपल्या मेट्रोच्या दोन मार्गिका नारंगी आणि ॲक्वा या रंगांच्या नावांनीच ओळखल्या जातात. त्यांचा आलेख काढताना हे रंग अदलाबदल झाले तर प्रवाशाला आकडे वाचण्याआधीच चुकीची माहिती मिळेल.

तांबडा_हिरवा

मी या धाग्यावर वाचक म्हणून लिहीत आहे. मला जन्मापासून लाल आणि हिरव्या रंगातला भेद नीट कळत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत अर्धा टक्का धरतात. आपल्याकडे प्रमाण निराळे असेल, परंतु पन्नास पुरुषांच्या सभागृहात माझ्यासारखा एखादा तरी असणार, हे गृहीत धरावे.

लाल म्हणजे वाईट आणि हिरवा म्हणजे चांगले, अशा रंगांचा नकाशा माझ्यासमोर येतो तेव्हा मला मातकट पिवळ्या रंगाचे तुकडे दिसतात. गडद लाल आणि गडद हिरवा यांतला कुठला भाग दुष्काळी आणि कुठला अतिवृष्टीचा, हे मला शेजाऱ्याला विचारावे लागते. त्यामुळे वर सुचवलेले निळा आणि शेंदरी हे रंग पाहून समाधान वाटले. ते मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांच्या आठ रंगांच्या संचातले आहेत. त्यात काळ्याबरोबर नारंगी (२३०, १५९, ०), आकाशी (८६, १८०, २३३), निळसर हिरवा (०, १५८, ११५), पिवळा (२४०, २२८, ६६), निळा, शेंदरी आणि जांभळट गुलाबी (२०४, १२१, १६७) हे रंग येतात. आर भाषेत २०२० च्या ४.० आवृत्तीपासून हा संच मूळ स्वरूपातच मिळतो.

आपल्याला माझे डोळे उसने घेता येणार नाहीत, पण क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये दृष्टिदोषाचा आभास निर्माण करण्याची सोय आहे, आणि पायथॉनमध्ये कलरस्पेशियस ही लायब्ररी तेच काम करते. अहवाल पाठवण्यापूर्वी एकदा ते करून पाहावे, एवढीच विनंती.

निळी_रेघ

भाऊ, आपण लिहिलेत हे फार चांगले झाले. या संचाबाबत एक पुरवणी जोडतो. हा संच रंग ओळखण्यासाठी उत्तम आहे, पण पांढऱ्या कागदावर बारीक रेषेसाठी त्यातला प्रत्येक रंग चालत नाही. डब्ल्यूसीएजी २.१ या वेबपाने सर्वांना वाचता यावीत म्हणून केलेल्या २०१८ सालच्या निकषांनुसार आलेखातल्या अर्थवाही आकारांचा पार्श्वभूमीशी विरोध (कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडाचे गुणोत्तर) किमान तीनास एक असावा. मी हिशोब केला तेव्हा निळ्याचा विरोध ५.२, शेंदरीचा ३.९ आणि निळसर हिरव्याचा ३.४ आला, नारंगी मात्र २.३ वर आणि पिवळा अवघ्या १.३ वर अडकतो. पिवळा रंग स्तंभ भरायला, तोही गडद कड देऊन, वापरावा.

फुटाळा

पावसाच्या नकाशासाठी भारतीय हवामान विभागाचेच वर्ग घ्यावेत. सरासरीपेक्षा ६० टक्के किंवा अधिक म्हणजे फार जास्त, २० ते ५९ जास्त, उणे १९ ते अधिक १९ सामान्य, उणे २० ते उणे ५९ तूट आणि त्याखाली मोठी तूट. सर्वथा पाऊस नसेल तर उणे १००. हे वर्ग मॅटप्लॉटलिबमध्ये बाउंडरीनॉर्मला सीमा देऊन मांडता येतात, आणि पाच वर्गांना पाच रंग लिस्टेडकलरमॅपने जोडता येतात.

रंगांसाठी कलरब्रूअरचा तपकिरी ते निळसर हिरवा हा पाच रंगांचा संच सुचवतो: (१६६, ९७, २६), (२२३, १९४, १२५), (२४५, २४५, २४५), (१२८, २०५, १९३) आणि (१, १३३, ११३). तपकिरी पाहून कोरडी जमीन आणि निळसर हिरवा पाहून पाणी, हे वाचकाला सांगावे लागत नाही, आणि लाल-हिरव्याची अडचणही उरत नाही.

काही जण अशा वेळी मॅटप्लॉटलिबचे टूस्लोपनॉर्म, म्हणजे मध्याच्या दोन बाजूंना वेगवेगळे प्रमाण देणारी सोय, सुचवतील, पण या आकडेवारीला ते घेऊ नये. पावसाची तूट उणे १०० च्या पलीकडे जाऊ शकत नाही, वाढीला मात्र वर मर्यादा नाही. टूस्लोपनॉर्म दोन्ही बाजू आपापल्या टोकापर्यंत ताणते, त्यामुळे ८० टक्के तूट आणि १६० टक्के वाढ एकाच गडदपणाने रंगवली जाण्याची शक्यता राहते.

गांधीसागर_काठ

फुटाळा सर, संच योग्य आहे, परंतु ताईंच्या झेरॉक्स प्रतींचे काय? दोन्ही टोकांचा उजळपणा मोजून पाहावा.

फुटाळा

मोजला. तपकिरीचा ४८ आणि निळसर हिरव्याचा ४९ ते ५० येतो. म्हणजे झेरॉक्समध्ये सर्वांत कोरडा आणि सर्वांत ओला जिल्हा एकाच राखाडी रंगात उतरेल. दोन बाजूंच्या कुठल्याही समतोल रंगसंचाचा हा अंगभूत गुण आहे, कारण दोन्ही टोके मध्यापासून सारखीच गडद व्हावीत अशीच त्याची रचना असते. रंग बदलून हे सुटणार नाही. नकाशावर अकराच बहुभुज आहेत, त्यामुळे प्रत्येक जिल्ह्यात अधिक-उणे चिन्हासह टक्केवारी लिहावी आणि तुटीच्या दोन वर्गांवर तिरप्या रेषांचा हॅच टाकावा. रंगाने नजर वेधावी, पण अर्थाचा सगळा भार त्याच्यावर टाकू नये.

सोनेगाव_उन्हाळा

तापमानाच्या चौकटींबद्दल लिहितो, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात हा आलेख लोक खरोखर निरखून पाहतात.

जुन्या ‘जेट’ या इंद्रधनुषी पट्टीच्या मोहात पडू नये. तिच्यात आकाशी आणि पिवळ्या ठिकाणी उजळपणाचे उंचवटे आहेत, त्यामुळे आकडेवारीत नसलेल्या सीमारेषा डोळ्याला दिसतात. मॅटप्लॉटलिबने २०१७ च्या २.० आवृत्तीत तिच्या जागी ‘विरिडिस’ मूळ पट्टी म्हणून आणली, ती याच कारणाने. विरिडिस गुणाने उत्तम आहे, परंतु तिच्यात सर्वाधिक मूल्य पिवळे आणि सर्वांत कमी मूल्य गडद जांभळे येते. पांढऱ्या कागदावर उन्हाळ्याचे दिवस फिकट आणि थंडीचे दिवस ठळक दिसावेत, हे या विषयाला शोभत नाही. म्हणून इथे स्वतःचा संच बांधणे रास्त आहे.

मैदानी प्रदेशात प्रत्यक्ष कमाल तापमान ४५ अंशांना पोहोचले की उष्णतेची लाट आणि ४७ ला तीव्र लाट मानतात. ४० अंशांखाली लाटेचा विचारच होत नाही. म्हणून सीमा ४०, ४५ आणि ४७ घ्याव्यात आणि चार वर्गांना (२५४, २१७, १४२), (२५४, १५३, ४१), (२१७, ९५, १४) आणि (१५३, ५२, ४) हे रंग द्यावेत. हे कलरब्रूअरच्या पिवळा-नारंगी-तपकिरी संचातील शेवटचे चार रंग आहेत. त्यांचा उजळपणा अनुक्रमे ८८, ७२, ५५ आणि ३६ येतो, म्हणजे प्रत्येक पायरी १६ ते १९ च्या दरम्यान आहे आणि झेरॉक्समध्येही चारही पायऱ्या सुट्या राहतात. त्या संचातला पहिला रंग मुद्दाम गाळला आहे. त्याचा उजळपणा ९९ आहे आणि प्रोजेक्टरवर तो पांढऱ्यात विरून जातो.

आता एक बारकावा. मे २०२४ मध्ये नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झळकली होती आणि संवेदकातील बिघाडामुळे ती आल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. अशी एखादी नोंद फाइलमध्ये राहिली आणि आपण २५ पासून कमाल मूल्यापर्यंत सलग रंगपट्टी ताणली, तर ४७ अंशांचा जिवावर बेतणारा दिवसही पट्टीच्या तीन-चतुर्थांशापाशीच थांबतो आणि सगळा उन्हाळा सौम्य दिसू लागतो. त्यावर सेट_ओव्हर वापरून ‘४७ च्या वर’ असा वेगळा रंग देणे पुरेसे नाही, कारण त्याने संशयास्पद नोंदीला खऱ्या नोंदीचा दर्जा मिळतो. अशी मूल्ये आधी मास्क करावीत, म्हणजे आकडेवारीतून झाकून ठेवावीत, आणि सेट_बॅडने त्यांना राखाडी रंग द्यावा. हाच राखाडी ज्या दिवसांची नोंदच नाही त्यांनाही द्यावा. रिकामी चौकट पांढरी ठेवली तर वाचक तिला थंड दिवस समजतो.

धरमपेठ_आर

मी आर भाषा आणि तिची जीजीप्लॉट२ ही आलेखांची लायब्ररी वापरते. तिथला मूळ संच रंगछटांचे समान कोन घेतो, पण उजळपणा सर्वांना ६५ आणि तीव्रता १०० देतो. पडद्यावर कुठलाही वर्ग विनाकारण पुढे येत नाही, हा त्याचा गुण मी मानते. मात्र वरची चर्चा वाचल्यावर लक्षात येते की, झेरॉक्समध्ये त्याचे सर्व रंग जवळजवळ एकाच राखाडीत मिळतील. तेव्हा आर वापरणाऱ्यांनीही स्केल_फिल_मॅन्युअलला नावांसह रंग द्यावेत.

दुसरा मुद्दा असा की, हवामान विभागाचे इशारे हिरवा, पिवळा, नारंगी आणि लाल या रंगांतच येतात. लोकांच्या मनात ते रुजले असताना आपण तपकिरी छटा आणल्या तर गोंधळ होणार नाही का?

सोनेगाव_उन्हाळा

ताई, इशारा आणि नोंद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण जेव्हा विभागाचा इशारा पुन्हा छापतो तेव्हा त्याचेच रंग ठेवावेत आणि चौकटीत इशाऱ्याचे नाव लिहावे. हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाच्या सहा वर्गांबाबतही मी हेच म्हणेन. परंतु मोजलेल्या तापमानाला इशाऱ्याचे रंग दिले, तर ज्या दिवशी इशारा नव्हता त्या दिवशीही तो होता असा समज होऊ शकतो. म्हणून नोंदींचा संच मुद्दाम वेगळा ठेवावा.

गांधीसागर_काठ

यात एक स्थानिक भर घालतो. कुळांचे रंग निवडताना भगवा, निळा आणि हिरवा हे तिघे एकत्र घेऊ नयेत. आपल्याकडे हे रंग पिकांचे म्हणून वाचले जाण्याआधी झेंड्यांचे म्हणून वाचले जातात, आणि निवडणुकीच्या दिवसांत तर पेरणीचा नकाशाही मतदानाचा वाटू शकतो.

कळमना_रोड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रेषांसाठी पिकांनुसार दोन कुळे आणि त्या-त्या पानापुरते दोन ठळक जिल्हे, पावसासाठी पाच वर्ग हॅचसह, तापमानासाठी चार वर्ग, असे ठरवले आहे. रंगदृष्टिदोषाची आभासी चाचणीही करीन. एकच प्रश्न उरतो. या अहवालावर आम्ही चौघे काम करतो आणि प्रत्येक जण आपापल्या फाइलमध्ये रंग लिहितो. हे एका ठिकाणी कसे बांधून ठेवावे?

निळी_रेघ

रंगांची एक स्वतंत्र मोड्यूल फाइल करावी. तीत जिल्ह्यांचा शब्दकोश, पावसाच्या व तापमानाच्या सीमा आणि त्यांचे रंग एकत्र ठेवावेत, आणि चौघांनी तीच आयात करावी. सीमा आणि रंग वेगवेगळ्या फाइलींत ठेवू नयेत. एक वर्ग वाढला की दुसरीकडे रंग वाढवायचा राहून जातो. रेषांची जाडी, राखाडी रंग आणि मूळ रंगचक्र मॅटप्लॉटलिबच्या स्टाइल फाइलमध्ये लिहावे.

त्याच मोड्यूलला एक छोटी चाचणी जोडावी. तिने तापमानाच्या लगतच्या रंगांमधील उजळपणाचा फरक १५ पेक्षा कमी झाला तर अडवावे, ठळक रेषेच्या रंगाचा पांढऱ्याशी विरोध ३ च्या खाली गेला तर अडवावे, आणि शब्दकोशात अकरापैकी एखाद्या जिल्ह्याचे नाव नसेल तर तेही सांगावे. शेवटच्या तपासणीसाठी नावांचे लेखन एकच ठरवून घ्यावे, कारण एका फाइलीत ‘वाशीम’ आणि दुसरीत ‘वाशिम’ असेल तर कोडच्या दृष्टीने ते दोन वेगळे जिल्हे ठरतात.